फ्रिजमधला मासा आणि त्यावरचे जंतू: घरी मासळी सुरक्षित कशी ठेवायची

मासळी घरी आली की आपण कल्ले उघडून बघतो, बोटाने दाबून बघतो, वास घेतो. ही पारख चांगलीच आहे, पण ती ताजेपणाची पारख आहे. माशाला वास आणणारे जंतू वेगळे आणि माणसाला आजारी पाडणारे बहुतेक जंतू वेगळे. दोघं एकाच तुकडीवर राहतात, एकाच अन्नावर जगतात. फ्रिजची थंडी त्यातल्या कोणाला पुढे जाऊ देते, यावर ती तुकडी खाण्याजोगी राहते की नाही हे ठरतं. फ्रिज जंतूंना मारत नाही. काहींना तो थोपवतो, काहींचा वेग कमी करतो आणि काहींना मोकळं रान मिळवून देतो. हा शेवटचा भाग सहसा कोणी सांगत नाही, म्हणून आधी तो समजून घेऊ आणि मग पायऱ्यांकडे वळू.

थंडीत कोण वाढतं आणि कोण कोणाला अडवतं

जिवंत माशाचं मांस जवळजवळ निर्जंतुक असतं. जंतू असतात ते कातडीवरच्या बुळबुळीत थरात, कल्ल्यांत आणि आतड्यात. मासा मेला की प्रतिकार संपतो आणि ते मांसाकडे सरकू लागतात.

बर्फात किंवा चांगल्या थंड फ्रिजमध्ये दोन टोळ्या सगळ्यात जोरात वाढतात: स्युडोमोनास आणि शेवानेला. समुद्री माशाच्या मांसात ट्रायमिथाइल अमाइन ऑक्साइड नावाचा एक पदार्थ असतो, त्याला स्वतःचा वास नसतो. शेवानेला त्यापासून ट्रायमिथाइल अमाइन बनवते; आपण ज्याला ‘माशाचा वास’ म्हणतो तो हाच. सडक्या अंड्यासारखा गंधकाचा वासही तिचाच. मुशी आणि पाकटाच्या मांसात युरिया भरपूर असतो, जंतू त्याचा अमोनिया करतात, म्हणून शिळी मुशी नाकाला झोंबते. एका ग्रॅममध्ये या जंतूंची संख्या एक ते दहा कोटींच्या घरात गेली की आपल्या नाकाला बदल कळतो.

या दोन टोळ्यांचं आपसात पटत नाही. दोघींना वाढायला लोह लागतं आणि माशाच्या मांसात मोकळं लोह फार कमी असतं. स्युडोमोनास लोह पकडून ठेवणारे रेणू आजूबाजूला सोडते आणि शेवानेलाची उपासमार करते. म्हणून कधी माशाला गोडसर, कुजक्या फळासारखा वास येतो तर कधी गंधकाचा. कोणती टोळी वरचढ ठरली, त्यावर हे अवलंबून असतं.

लिस्टेरिया मोनोसायटोजेनिस हा आजाराचा जंतू शून्याच्याही किंचित खाली, उणे ०.४ अंशापर्यंत वाढू शकतो. मग कच्च्या माशातून रोज लिस्टेरियाचे रुग्ण का दिसत नाहीत? एक कारण आपलं शिजवणं, आणि दुसरं त्याचे शेजारी. थंडीत लिस्टेरिया वाढतो खरा, पण स्युडोमोनासच्या मानाने फार सावकाश. एकाच जागेत एक टोळी आपल्या कमाल संख्येला पोहोचली की बाकीच्यांची वाढही जवळजवळ थांबते. म्हणजे कच्चा मासा लिस्टेरियाने धोकादायक होण्याआधी बहुधा वासाने फेकायच्या लायकीचा होतो.

आता तोच मासा किंवा कोळंबी तुम्ही उकडली. सडवणारी सगळी गर्दी मेली. त्यानंतर कच्च्या माशाच्या पाटावरून, सुरीवरून किंवा हातावरून चार लिस्टेरिया त्यावर आले, तर त्यांना अडवणारं कोणीच नाही. वास येणार नाही, चव बदलणार नाही आणि जंतू मात्र आरामात वाढतील. स्टॅफिलोकोकस ऑरियसचं तर याहून स्पष्ट आहे. तो आपल्या नाकात आणि हातावरच्या जखमेत राहतो, गर्दीत त्याचा अजिबात निभाव लागत नाही, पण उकडून हाताने सोललेल्या कोळंबीवर किंवा खेकड्याच्या काढलेल्या मांसावर तो एकटाच राजा असतो. १० अंशांच्या वर तो विष तयार करतो आणि ते विष पुन्हा उकळलं तरी जात नाही. शिजवलेला मासा कच्च्या माशापेक्षा जास्त जपायचा असतो, तो याच कारणाने.

शेजारी नेहमी अडवतातच असं नाही. स्युडोमोनास प्रथिनं तोडते, त्यातून सुटलेले अमिनो आम्ल कमजोर शेजाऱ्यांना आयते मिळतात. लाकडी पाटाच्या चिरांत किंवा सिंकच्या जाळीखाली ती जो चिकट थर बांधते, त्यात लिस्टेरिया लपून बसतो. धुवायच्या वेळी हे आठवावं लागेल.

बांगडा, तारली, कुपा: इथे वेगळा हिशोब

बांगडा, तारली, सुरमई, कुपा, गेदर यांच्या मांसात, विशेषतः कण्याजवळच्या गडद मांसात, हिस्टिडीन हे अमिनो आम्ल खूप असतं. मॉर्गनेला आणि तिच्यासारखे काही जंतू त्याचं हिस्टामिन, म्हणजे अॅलर्जीसारखा त्रास देणारा पदार्थ, करतात. बांगडा उन्हात पाटीवर काही तास राहिला की कल्ल्यांतले आणि आतड्यातले हे जंतू वाढतात आणि त्यासाठी लागणारं विकर, म्हणजे एन्झाइम, तयार करून ठेवतात. मग तो मासा फ्रिजमध्ये गेला, जंतूंची वाढ थांबली, तरी ते विकर थंडीतही सावकाश काम करतच राहतं. बर्फ झालेल्या माशात ते टिकून राहतं आणि मासा वितळला की पुन्हा सुरू होतं. काही जाती, उदाहरणार्थ मॉर्गनेला सायक्रोटॉलरन्स आणि फोटोबॅक्टेरियम फॉस्फोरियम, फ्रिजच्या थंडीतही हिस्टामिन बनवतात.

हिस्टामिन तळून, उकळून किंवा गोठवून नष्ट होत नाही. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकात सुरक्षिततेची मर्यादा किलोला २०० मिलिग्रॅम आहे, पण घरी ते मोजता येत नाही आणि एकाच माशाच्या दोन तुकड्यांत ते कमी-जास्त असतं. म्हणून ताटावरच्या चौघांपैकी एकालाच त्रास होतो आणि ‘त्याला बांगड्याची अॅलर्जी आहे’ असं ठरून जातं.

इथेही जंतूंची युती दिसते. आपल्या आतड्यात हिस्टामिन मोडणारी विकरं असतात, त्यामुळे थोडं हिस्टामिन पचतं. पण दुसरे जंतू त्याच माशात कॅडाव्हेरिन आणि प्युट्रेसिन तयार करतात आणि ही दोन्ही आपल्या त्या विकरांना अडवतात. मग कमी हिस्टामिनही बाधतं. क्षयरोगावर आयसोनियाझिड घेणाऱ्यांच्या शरीरातही हीच विकरं दबलेली असतात. त्यांनी हे मासे अगदी ताजे असतील तरच खावेत.

पायरी १: बाजारातून घरापर्यंत

निम्मा धोका इथेच ठरतो. व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस हा कोमट खाऱ्या पाण्यातला जंतू. १९५० साली जपानमध्ये ओसाकाला अर्धवट सुकवलेल्या तारलीच्या पिल्लांतून २७२ जण आजारी पडले आणि २० दगावले, त्या तपासात तो सापडला. अनुकूल उष्णतेत तो दहा-बारा मिनिटांत दुप्पट होतो, म्हणजे दोन तासांत हजारपट. ५ अंशांच्या खाली मात्र तो वाढत नाही, उलट हळूहळू कमी होतो. त्याला फ्रिज पुरतो, पण फ्रिजपर्यंत पोहोचायला लागणारा वेळ तुमच्या हातात असतो.

मासळी सगळ्या खरेदीच्या शेवटी घ्या. सोबत थर्माकोलची पेटी किंवा जाड पिशवी आणि बर्फाचा चुरा न्या. किती बर्फ लागतो याचा हिशोब सोपा आहे. १ किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता शोषतो. १ किलो मासा ३० अंशांवरून शून्यावर आणायला साधारण २४ किलोकॅलरी काढाव्या लागतात. म्हणजे नुसतं थंड करायला ३०० ग्रॅम बर्फ पुरतो. बाकीचा लागतो बाहेरून शिरणारी उष्णता परतवायला. मुंबई-रत्नागिरीच्या उन्हात माशाच्या वजनाइतकाच बर्फ घ्या, उलट-सुलट थर लावा आणि पाणी निघून जायला खाली वाट ठेवा. मोठे तुकडे नकोत, चुराच हवा. लादीचा तुकडा माशाला एकाच ठिकाणी टेकतो.

बर्फाशिवाय मासा एकूण २ तासांपेक्षा जास्त बाहेर राहू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर १ तास. हा वेळ एकूण धरायचा: बाजार, रिक्षा, ओटा सगळं मिळून.

पायरी २: फ्रिज खरोखर किती थंड आहे ते बघा

फ्रिजच्या चकतीवरचे १ ते ५ हे आकडे म्हणजे तापमान नव्हे. साधा फ्रिज-थर्मामीटर घ्या, पाण्याच्या पेल्यात बुडवून मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवा आणि सकाळी दार उघडताक्षणी वाचा. ४ अंश किंवा त्याहून कमी हवं. थंड पाण्यातल्या माशांवरून बसवलेल्या एका जुन्या सूत्रानुसार, शून्याला मासा ज्या वेगाने खराब होतो त्याच्या सव्वादोन पट वेगाने तो ५ अंशांना आणि चौपट वेगाने १० अंशांना खराब होतो. बर्फात ४ दिवस टिकणारा मासा १० अंशांच्या फ्रिजमध्ये एकच दिवस टिकेल. दाराचा कप्पा सगळ्यात गरम, तिथे मासळी कधीच नको. एका दाराच्या फ्रिजमध्ये फ्रीझरच्या खालचा ट्रे सगळ्यात थंड असतो, पण तिथून गळलेलं पाणी खालच्या सगळ्यावर पडतं. तो वापरायचा तर मासा खोल, झाकणाच्या डब्यातच ठेवा. नाहीतर सगळ्यात खालचा कप्पा, मागच्या भिंतीकडे.

पायरी ३: साफ करणं

आल्याबरोबर साफ करा. ‘संध्याकाळी बघू’ म्हणून आख्खा बांगडा फ्रिजमध्ये टाकणं ही सगळ्यात नेहमीची चूक. कल्ले आणि आतडी काढा, पोटातला काळा पडदा खरवडा, कण्यालगतची रक्ताची रेघ अंगठ्याने काढून टाका. आतडं फाटून पोटात घाण पसरली असेल तर तो भाग कापूनच टाका.

धुवायचा तो नळाच्या पिण्याच्या पाण्याने. व्हिब्रिओला जगायला मीठ लागतं, गोड्या पाण्यात तो लवकर मरतो. बंदरातल्या पाण्यात खंगाळलेला मासा स्वच्छ दिसतो, पण त्या पाण्यातून नवे जंतू घेऊन येतो. नळ जोरात सोडू नका, शिंतोडे हातभर उडतात. पातेल्यात पाणी घेऊन धुवा, पाणी दोनदा बदला, आणि स्वच्छ कागदाने किंवा फक्त याच कामाच्या फडक्याने मासा टिपून कोरडा करा. हे टिपणं सोडू नका: ओल्या कातडीवर स्युडोमोनास सगळ्यात खूश असते.

हळद, मीठ, आगळ लावल्याने मासा ‘टिकतो’ हा समज थोडाच खरा आहे. वरच्या थरातले काही जंतू मंदावतात, वास दबतो. पण लिस्टेरिया १० टक्के मिठातही तग धरतो आणि व्हिब्रिओला थोडं मीठ हवंच असतं. लावून ठेवायचं ते फ्रिजमध्येच, ओट्यावर नाही.

पायरी ४: ठेवणं

पसरट डब्यात जाळी किंवा उलटी ताटली ठेवा, त्यावर मासा, वर पिशवीत भरलेला बर्फ, मग झाकण. गळलेलं पाणी खाली साचतं आणि मासा त्यात बुडत नाही. सकाळ-संध्याकाळ पाणी ओता, बर्फ बदला. अशाने ५ अंशांच्या फ्रिजमध्येही मासा शून्याच्या जवळ राहतो. एवढ्या एका युक्तीने मासळीचं आयुष्य जितकं वाढतं तितकं दुसऱ्या कशाने वाढत नाही.

त्या कप्प्यात किंवा त्याखाली सोलकढी, दही, कोशिंबीर, चिरलेली फळं ठेवू नका. मासा शिजणार आहे, सोलकढी शिजणार नाही. माशाच्या पाण्याचा एक थेंब सोलकढीत पडला तर त्यातल्या जंतूंना मारणारं पुढे काहीच नाही.

किती दिवस? बोंबील त्याच दिवशी; त्यात पाणीच ९० टक्क्यांच्या आसपास असतं. बांगडा, तारली, कुपा दुसऱ्या दिवसापर्यंत, तेही बाजारात बर्फात असतील तरच. कोळंबी डोकी काढून १ दिवस. पापलेट, सुरमई, रावस, हलवा २ दिवस. यापुढे ठेवायचं असेल तर पहिल्याच दिवशी गोठवा. तिसऱ्या दिवशी ‘आता खराब होईल’ म्हणून गोठवलेला मासा तिसऱ्या दिवसाचाच राहतो.

तिसऱ्या, शिणाणे, कालवं हे शिंपल्यांतले जीव पाण्यातून आपलं अन्न गाळून घेतात, त्यामुळे खाडीतले जंतू त्यांच्यात साठतात. ती जिवंतच घ्यायची, ओल्या कापडाखाली उघड्या भांड्यात ठेवायची; बंद पिशवीत किंवा गोड्या पाण्यात ती गुदमरून मरतात. उघडं शिंपलं टिचकी मारूनही मिटत नसेल तर टाकून द्या.

पायरी ५: हवाबंद पाकिटं

मॅरिनेट केलेली सुरमई, कोळंबी आता हवाबंद पाकिटांत सर्रास येते. हवा काढली की स्युडोमोनास थांबते, कारण तिला ऑक्सिजन लागतो. म्हणून मासा जास्त दिवस ताजा वाटतो. पण क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या विष बनवणाऱ्या जंतूच्या ई प्रकाराला हवा नकोच असते आणि तो ३ अंशांच्या थोडं वरपासून वाढतो. वासाची सूचना देणारी टोळी बाजूला झालेली असते, त्यामुळे वास येण्याआधी विष तयार होऊ शकतं. हे विष चेतासंस्थेवर जातं: दोन-दोन दिसणं, पापण्या उतरणं, गिळायला त्रास, शेवटी श्वास.

म्हणून गोठवलेलं हवाबंद पाकीट फ्रीझरमध्येच राहू द्या. वितळवायला फ्रिजमध्ये ठेवण्याआधी पाकीट कात्रीने उघडा, हवा आत जाऊ द्या. घरून मासळी विकणाऱ्यांनी ही सूचना पाकिटावर छापावीच. न गोठवलेला कच्चा मासा हवाबंद करून नुसत्या फ्रिजमध्ये ठेवून विकू नये, असं आमचं ठाम मत आहे. चार दिवस जास्त मिळतात, पण घरगुती फ्रिजच्या भरवशावर घ्यावा असा हा धोका नाही.

पायरी ६: गोठवणं आणि वितळवणं

उणे १८ अंश. एका वेळच्या कालवणापुरती चपटी पाकिटं करा, तारीख लिहा. जाड गोळा आतून गोठायला रात्र जाते आणि तेवढ्या वेळात मध्यभागी जंतू चालूच असतात. गोठवल्याने जंतू झोपतात, मरत नाहीत.

वितळवायचं ते खालच्या कप्प्यात, खोलगट भांड्यात, रात्रभर. घाई असेल तर पिशवी थंड पाण्यात बुडवून दर अर्ध्या तासाने पाणी बदला आणि लगेच शिजवा. पण हवाबंद पाकीट आधी उघडून मासा साध्या पिशवीत काढा. ओट्यावर वितळणाऱ्या सुरमईची कड २५ अंशांवर असते तेव्हा मधोमध अजून बर्फ असतो.

वीज गेली तर दार उघडू नका. बंद फ्रिज साधारण ४ तास थंड राहतो. भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४. ४ तासांच्या वर वीज गेली आणि कच्ची मासळी ५ अंशांच्या वर गेली असेल, तर बांगडा-तारली वाचवायच्या भानगडीत पडू नका.

पायरी ७: शिजवणं आणि उरलेलं

मधोमध ७० अंश २ मिनिटं मिळाले की लिस्टेरिया आणि व्हिब्रिओ संपतात. तुकडी काट्यापासून सहज सुटली आणि मांस काचेसारखं पारदर्शक राहिलं नाही, ही घरातली खूण. बोट्युलिनमचं विषही खळखळून उकळल्याने मोडतं, पण शंका असलेलं पाकीट उकळून ‘वापरून टाकू’ नये.

कालवण मुरायला ठेवायचं तर २ तासांच्या आत पसरट भांड्यात काढून फ्रिजमध्ये. खोल पातेल्यातलं कालवण फ्रिजमध्येही मधोमध कित्येक तास कोमट राहतं. दुसऱ्या दिवशी लागेल तेवढंच काढा आणि पूर्ण उकळी आणा. उकडून सोललेली कोळंबी आणि खेकड्याचं मांस धुतलेल्या, जखम नसलेल्या हाताने किंवा चमच्याने हाताळा, लगेच थंड करा, दुसऱ्या दिवशी संपवा. गरोदर बाई, वयस्कर माणसं, मधुमेहाचे किंवा केमोथेरपी घेणारे रुग्ण यांना थंड कोळंबी सॅलड देऊ नका; परदेशात सहज मिळणारा स्मोक्ड सामन (धुरावलेला मासा) हाही वाफ येईपर्यंत गरम केल्याशिवाय नको. गरोदरपणी लिस्टेरियामुळे गर्भ दगावू शकतो.

पायरी ८: पाट, सुरी, सिंक

आधी साबण आणि ब्रश, मग जंतुनाशक. उलट केलं तर क्लोरीन माशाच्या प्रथिनांवरच खर्च होतं आणि चिकट थर तसाच राहतो. ४-५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट (क्लोरीनचं ब्लीच) १ लिटर पाण्यात ५ मिली, म्हणजे एक छोटा चमचा, एवढं पुरतं. पाटावर २ मिनिटं राहू द्या, धुवा आणि उभा करून पूर्ण वाळवा. त्यात व्हिनेगर किंवा संडास साफ करायचं अॅसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. चिरा पडलेला लाकडी पाट मासळीसाठी बाद करा. फ्रिजचा खालचा कप्पा, भाजीच्या खणाचं तळ आणि दाराचं रबर आठवड्यातून एकदा पुसा. लिस्टेरिया तिथेच मुक्काम करतो.

त्रास झालाच तर

खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन-तीन तासांत तोंड लाल होणं, डोकं ठणकणं, अंगाला खाज, छातीत धडधड, जिभेला मिरी लागल्यासारखं झोंबणं: हे हिस्टामिनचं लक्षण. डॉक्टरांना कोणता मासा खाल्ला ते सांगा, उरलेला तुकडा गोठवून ठेवा. साधारण १२ ते २४ तासांनी पाण्यासारखे जुलाब आणि पोटात कळा असतील तर व्हिब्रिओचा संशय. दोन-दोन दिसत असेल किंवा श्वास लागत असेल तर घरी थांबू नका, थेट मोठ्या रुग्णालयात. आणि लिव्हरचा आजार असलेल्या कोणाला मासे साफ करताना काटा लागून हात सुजू लागला, फोड आले, ताप चढला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा: व्हिब्रिओ व्हल्निफिकस अशा जखमेतून काही तासांत रक्तात पसरतो.